अजिंक्यतारा एकशे आठ वेळा : आपल्या रंगांचं निसर्गचित्र कसं रंगवावं

तुमच्या घरातून किंवा रोजच्या वाटेवरून जो डोंगर दिसतो तोच निवडा. त्यासाठी महाबळेश्वर गाठायची गरज नाही. माझं घर साताऱ्यात शनिवार पेठेत आहे. गच्चीवर गेलं की दक्षिणेला समोर अजिंक्यतारा. सव्वीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली, पण एवढ्या वर्षांत हा गड एकदाही निवांत बसून पाहिला नव्हता. निवृत्त झाल्यावर दीड वर्षात तो एकशे आठ वेळा रंगवला. त्यात जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे. ज्यांना निसर्गचित्रात फोटोतले नव्हे, तर स्वतःला जाणवलेले ठसठशीत रंग आणायचे आहेत, त्यांच्यासाठी हे आहे. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटपर्यंत ब्रश हातात धरला असेल तर पुरे.

एकशे आठ हा आकडा आईच्या माळेतला. ती दिवेलागणीला गच्चीवर तुळशीची माळ घेऊन बसायची, तोंड गडाकडे. इतकं मोजून काय मिळतं, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "मोजायला नाही गं, बसायला माळ लागते." ती गेल्यावर माळ माझ्याकडे आली, आणि चित्रांना तिचाच हिशोब लावला.

हिमालयातले गुरू

रंगाच्या बाबतीत माझे डोळे उघडले ते नग्गरला. 2011 च्या मे महिन्यात आम्ही घरची माणसं कुलूला गेलो होतो, तेव्हा तिथलं चित्रकार निकोलाय रोरिक यांचं घर पाहिलं. रोरिक मूळचे रशियातले, जन्म 1874 चा, सेंट पीटर्सबर्गचा. मध्य आशियातला लांबचा प्रवास करून 1928 पासून ते कुलूच्या खोऱ्यात राहिले आणि 1947 मध्ये तिथेच गेले. वेदान्त, बौद्ध विचार, रामकृष्ण-विवेकानंद या सगळ्यांची त्यांना ओढ होती. पत्नी हेलेना यांच्याबरोबर त्यांनी 'अग्नियोग' नावाची साधना मांडली. हजारो चित्रं काढली, त्यांतली कितीतरी हिमालयाची. कांचनजंगा तर त्यांनी पुन्हापुन्हा रंगवलं.

त्या भिंतींवरचे डोंगर जांभळे होते, निळे होते, मोरपंखी होते. एका चित्रात आकाश चक्क हळदीचं. आणि कुठेही खोटं वाटत नव्हतं. मी तिथे उभी राहून मनातल्या मनात शाळेतल्या मुलांची माफी मागितली. डोंगर तपकिरी, झाड हिरवं, आकाश निळं, असं मी किती वह्यांवर लाल पेनने दुरुस्त करून दिलं होतं. माझ्या तरुणपणी एका चित्रस्पर्धेत परीक्षकांनी मलाही विचारलं होतं, "डोंगर जांभळा असतो का?" मी तेव्हा मान खाली घातली. आज उत्तर देता येतं: असतो, आणि का असतो तेही सांगता येतं.

अजिंक्यताऱ्याची जी बाजू शहराला दिसते ती उत्तरेची. थंडीत सूर्य दक्षिणेकडून, म्हणजे गडाच्या पाठीमागून जातो. सकाळ-संध्याकाळ ही सगळी बाजू सावलीत असते, आणि वरचा उभा कडा तर दिवसभर. तिथे थेट ऊन पोचत नाही, पोचतो तो फक्त निळ्या आकाशाचा उजेड. त्यात मधल्या हवेतलं धूरकट धुकं मिसळतं. म्हणून पौष-माघात गड निळा-जांभळाच असतो. आपल्याला डोंगर तपकिरी 'माहीत' असतो, म्हणून तो दिसत नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्यात सूर्य डोक्यावर येतो आणि जुलैअखेरपर्यंत दुपारी थोडा उत्तरेकडे असतो. तेव्हा हीच बाजू उजळते. तुमचा डोंगर कोणत्या दिशेला आहे आणि तुम्हाला त्याची कोणती बाजू दिसते, हे होकायंत्र लावून पाहा. चित्राचे निम्मे रंग तिथेच ठरतात.

पहिला आठवडा : रंगाची पेटी उघडायची नाही

जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदात सहा बाय चार सेंटीमीटरची खिडकी कापा. एक डोळा मिटून त्या खिडकीतून डोंगर पाहा, आणि पोस्टकार्डाएवढ्या कागदावर 6बी पेन्सिलने फक्त तीन रेघा काढा. आकाशाला टेकलेली वरची कड, कडा संपून उतार सुरू होतो ती, आणि पायथ्याची. रोज एक. घरं, टॉवर, झाडं, काही नको. सात दिवसांत हात त्या कडेला सरावतो. नंतर रंगवताना कड शोधत बसावं लागत नाही, ती आतूनच येते.

इथे एक गोष्ट मनावर घ्या, कारण रोरिक पाहून आलेली माणसं हमखास इथे चुकतात आणि मीही चुकले होते. नग्गरहून आल्यावर माझी पहिली काही चित्रं म्हणजे टोकदार सुळके, माथ्यावर चमक. सुंदर होती, पण ती साताऱ्याची नव्हती. आपला सह्याद्री तसा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक वाहत गेले, थंड झाले, त्यांचा हा काळा कातळ. म्हणून आपले डोंगर माथ्यावर सपाट असतात आणि अंगावर पायऱ्यांसारखे आडवे पट्टे असतात. सज्जनगड परळीकडून पाहा, यवतेश्वरचा डोंगर पाहा, सगळीकडे तेच. हिमालयाची नजर वर जाते. सह्याद्री जमिनीला धरून बसलेला असतो, घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा. तेव्हा रोरिकांकडून रंगाचं धाडस घ्या, आकार मात्र आपल्या डोंगराचाच ठेवा. ब्रशचे फटकारे आडवे मारा. थर मोजा. अजिंक्यताऱ्याच्या अंगावर मला पाच ठळक पट्टे दिसतात, पावसाळ्यानंतर गवत वाळू लागलं की सहावाही उमटतो.

रंगाला आधी मराठी नाव द्या

दुसऱ्या आठवड्यात वही घ्या आणि रोज एकाच वेळी, उजाडताना किंवा दिवेलागणीला, पंधरा मिनिटं बसून समोरच्या रंगांची नावं लिहा. अट एवढीच की निळा, हिरवा, तपकिरी हे शब्द वापरायचे नाहीत. आपल्याकडे लुगड्या-साड्यांच्या दुकानातले किती नेमके शब्द आहेत! पारवा, आमसुली, डाळिंबी, वांगी, चिंतामणी, मोरपंखी, शेवाळी, अबोली, मोतिया, गुलबक्षी, लिंबोणी, गव्हाळ. माझ्या वहीतली एक नोंद अशी : "माघ, सकाळी पावणेसात. कडा वांगी. उतार पारवा. पायथ्याच्या धुरात अबोली. आकाश खाली मोतिया, वर चिंतामणी." या एका ओळीवर मी पुढे सहा चित्रं केली.

'डोंगर निळा' म्हटलं की हात ट्यूबमधला निळा उचलतो. 'पारवा' म्हटलं की थांबावं लागतं, कबुतराची मान आठवावी लागते, त्यातली राख आणि त्यातली गुलाबी झाक दोन्ही शोधावी लागते. मिश्रणं मग अशी जमतात. वांगीसाठी अल्ट्रामरीन आणि क्रिमसन, वर किंचित बर्न्ट सिएना. पारव्यासाठी अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, बराच पांढरा आणि ब्रशच्या टोकावर येईल एवढा क्रिमसन. आमसुलीसाठी क्रिमसन जास्त, बर्न्ट सिएना कमी, निळ्याचा एक थेंब. शेवाळीसाठी यलो ऑकर आणि अल्ट्रामरीन. मोरपंखीसाठी प्रशियन ब्लूमध्ये अगदी थोडा लेमन यलो. काळा रंग पेटीतून काढूनच टाका. काळा लागेल तिथे अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा, त्या काळ्यात जीव असतो.

सामान

रोरिक टेम्पेरात रंगवायचे. तो रंग लवकर वाळतो आणि चमकत नाही, म्हणून त्यांचे डोंगर आतून उजळल्यासारखे वाटतात. आपल्याकडच्या साध्या पोस्टर कलरला तीच मंद, मखमली जात आहे आणि तो साताऱ्यात कुठल्याही स्टेशनरीत मिळतो. वर सांगितलेले रंग, शिवाय व्हर्मिलियन आणि पांढऱ्याची मोठी बाटली. एक इंची चपटा ब्रश, आठ नंबरचा गोल ब्रश. 300 जीएसएमचा इम्पिरियल कागद, 22 बाय 30 इंचांचा, घेऊन त्याचे सोळा तुकडे करा. चित्र साधारण साडेपाच बाय साडेसात इंचांचं होतं. याहून मोठं नको, कारण वीस मिनिटांत संपलं पाहिजे.

कागदाला आधी तांबूस अस्तर द्या, बर्न्ट सिएनात थोडा व्हर्मिलियन घालून. हा हात मात्र ॲक्रिलिकचा हवा. पोस्टर कलर वाळल्यावरही पाणी लागलं की सुटतो, मग खालचा तांबूस वरच्या निळ्यात मिसळून सगळा चिखल होतो. ॲक्रिलिक एकदा वाळला की जागा सोडत नाही. हे अस्तर का, तर वरचे फटकारे जिथे पूर्ण भिडत नाहीत तिथे ते डोकावतं आणि निळ्या-जांभळ्या डोंगराला ऊब येते. शेवटी आपल्या डोंगराखालची माती तांबडीच आहे. कासच्या वाटेला लागलात की जांभ्याचा तो रंग रस्त्याच्या कडेलाच भेटतो.

पोस्टर कलरची आणखी एक खोड : फिकट मिश्रण वाळल्यावर थोडं गडद होतं आणि गडद मिश्रण थोडं फिकट. कागदाची एक पट्टी शेजारी ठेवून आधी तिच्यावर लावून पाहा.

रंगवताना

बसल्यावर पहिली दहा मिनिटं काही करायचं नाही. फोन खाली घरात. मी माळ हातात धरते, तुम्ही नुसते बसा. हे दहा मिनिटांचं बसणं मी कधी वगळलं, तर त्या दिवशीचं चित्र कालच्या चित्राची नक्कल झालं, हे मला मागून चित्रं मांडून पाहताना स्पष्ट दिसलं. चित्रकार सय्यद हैदर रझांची लहानपणची गोष्ट यासाठी मला फार जवळची वाटते. मध्य प्रदेशातल्या जंगलभागातल्या शाळेत त्यांचं लक्ष लागत नव्हतं, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. 1950 मध्ये ते पॅरिसला गेले, तिथली गावं, टेकड्या त्यांनी जाड, पेटत्या रंगांत रंगवल्या, आणि कितीतरी वर्षांनी तो ठिपका 'बिंदू' होऊन त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी आला. आपल्या गच्चीवरचा डोंगर हाच आपला भिंतीवरचा ठिपका आहे, असं समजा.

मग डोळे किलकिले करा. तपशील विरघळतो आणि चार-पाच मोठे आकार उरतात : आकाश, कडा, उतार, पायथा, जवळची छपरं. चपट्या ब्रशने हे पाच आकार लावा, सर्वांत गडद आधी.

आता जी गोष्ट सांगते ती या सगळ्याचा कणा आहे. फिकट-गडदपणा खरा ठेवा, रंग मात्र तुम्हाला वाटेल तो घ्या. कडा उतारापेक्षा जितका गडद दिसतो तितकाच गडद चित्रात हवा. तो गडदपणा वांग्याने आणा, आमसुलीने आणा, बाटलीच्या हिरव्याने आणा, डोळा मान्य करतो. पण गडद जागी फिकट लावलंत, तर रंग अगदी हुबेहूब असला तरी डोंगर कोसळतो. रोरिकांचं हळदीचं आकाश खोटं का वाटलं नाही, याचं उत्तर मला इथे सापडलं. तपासायची सोपी रीत अशी : चित्र संपल्यावर त्याचा आणि डोंगराचा फोटो काढा, दोन्ही फोटो कृष्णधवल करा आणि शेजारी ठेवा. दोन्हींत गडद जागा त्याच असल्या, तर तुमचं चित्र उभं आहे. माझी पहिली चाळीस चित्रं यात नापास झाली. गडद पुरेसं गडद लावायला हात धजत नव्हता.

दुसरं, एका चित्रात एकच रंग राजा. आकाश पेटलेलं असेल तर डोंगर पारवा, राखाडी, मुका ठेवा. डोंगर गुलबक्षी करायचा असेल तर आकाश मोतिया. सगळेच रंग ओरडायला लागले की जत्रेतला गोंगाट होतो. शांत रंग जास्त जागेत आणि पेटलेला रंग थोड्या जागेत, असं केलंत की तो पेटलेला रंग दिवा लावल्यासारखा दिसतो.

वीस मिनिटं झाली की थांबा. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती नाही, दुसऱ्या दिवशी नवा कागद. बिघडलेलंही फाडू नका. पाठीमागे तिथी, वेळ आणि एक ओळ लिहा. मी आकाश नव्हे, मन कसं होतं ते लिहायचे : "रात्री झोप नव्हती", "बहिणीचा फोन येऊन गेला". पुढे ही ओळ आणि रंग ताडून पाहताना जे उमगतं, ते कुणी शिकवू शकत नाही.

अध्यात्म कुठून येतं

आकाशात ॐ काढून, माथ्यावर मंदिराचा कळस आणि भगवा दाखवून चित्र आध्यात्मिक होत नाही, असं माझं ठाम मत आहे. मला खुणा नको असतात, बसणं हवं असतं. माझे आजोबा वारकरी होते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरेचं स्नान करून आपल्या जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम होतो, तरडगावाजवळ चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. आजोबा दरवर्षी त्याच वाटेने चालायचे. दरवर्षी आल्यावर सांगायचे मात्र वेगळं काहीतरी : यंदा माळावर ढग किती खाली होते, यंदा ज्वारीच्या रानातून वास कसा येत होता. वाट तीच असल्यामुळेच त्यांना बाकीचं दिसत होतं. मला रोरिकांची कांचनजंगा आणि आजोबांची वारी एकाच जातीची वाटते. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनीही कोटितीर्थाचा परिसर असाच धरून ठेवला होता.

रोरिकांच्या चित्रांतली आणखी एक गोष्ट जरूर उचला : प्रचंड डोंगरापुढे एक इवलासा माणूस. आठ नंबरच्या ब्रशच्या टोकाने दोन ठिपके, एवढंच. तो कुठे ठेवायचा हे घाईने ठरवू नका. माझ्या चौऱ्याहत्तराव्या चित्रात पहिल्यांदा एका गच्चीवर बसलेली बाई आली. पदर पांढरा, बाकी काही नाही. ती ठरवून काढली नव्हती.

ऋतूंची काही टिपणं

माघ-फाल्गुनात डोंगरांवर वणवे लागतात. जळाल्याचं दुःख होतंच, पण त्या काळ्या उतारावर सकाळचं तिरकं ऊन आलं की तो आमसुली दिसतो, आणि खाली पळस-पांगाऱ्याचा शेंदरी. तेव्हा व्हर्मिलियन थेट बाटलीतून, न मिसळता लावा. आषाढात डोंगर तासन्‌तास गायब असतो. अशा दिवशीही बसा. पांढऱ्याच्या वीस छटा करायला तेव्हाच शिकता येतं.

भाद्रपदात कासला जाल तर ऑइल पेस्टल न्या, भुरभुर पावसात पोस्टर कलरचं पाणी होतं. फुलं एकेक काढू नका. सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, गेंदाचा पांढरा हे आडवे पट्टे म्हणून लावा आणि वरून बोटाने पुसा. पठारावर वाटेवरूनच बघा, फुलांत पाय ठेवून चित्र काढायचं नाही. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. ते वर्ष आलं तर सगळी कामं सोडून जा.

आणि एकदा औंधला जाऊन या. यमाईच्या डोंगरावरचं भवानी संग्रहालय औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी उभं केलं, ते स्वतः चित्रकार होते. तिथली मूळ चित्रं हातभर अंतरावरून पाहा, रंगाचा थर कुठे जाड आणि कुठे पातळ आहे एवढंच शोधा. मोबाइलवरच्या चित्रात ते कधीच कळत नाही.

शेवटचं, मोठं चित्र

एकशे आठ पूर्ण झाली की सगळी जमिनीवर मांडा. बारा ओळी, दर ओळीत नऊ. दिवसभर तशीच राहू द्या, येता-जाता बघा. मग सगळी उचलून कपाटात ठेवा. दुसऱ्या दिवशी 15 बाय 22 इंचांचा कागद घ्या, डोंगराकडे पाठ करून बसा, आणि आठवणीतून रंगवा. फोटो नको, छोटी चित्रं नकोत. इथे वीस मिनिटांची अटही नाही. मला तीन दिवस लागले. माझा गड शेवटी डाळिंबी झाला, कड्याला मोरपंखी किनार आणि मागे गव्हाळ आकाश. त्या रंगात तो मी कधीच पाहिलेला नाही. शेजारच्या काकू चहाला आल्या होत्या, दारातूनच म्हणाल्या, "अजिंक्यतारा ना? आमच्या स्वयंपाकघरातून दिसतो तसा."

हे चित्र उन्हाच्या भिंतीवर लावू नका, पोस्टर कलरमधला क्रिमसन उन्हाने उडतो. काच लावाल तेव्हा कागद काचेला टेकू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घाला.

सध्या मी माहुलीच्या घाटावर बसते आणि पूर्वेचा जरंडेश्वर रंगवते. अकरा झाले आहेत. कृष्णेवर सकाळी धुकं असतं, पायथा दिसत नाही, त्यामुळे पेन्सिलची तिसरी रेघ अजून सापडायची आहे.